शिव्यांचा मान

दिवाळीत फोनवर तू म्हणालास, "आजी, मी लिहितोय त्या मालिकेत शिव्या फार आहेत, तू बघू नकोस." मागून तुझी बहीण हसली. म्हणाली, "आजीनं जन्मात शिवी ऐकली नसेल रे." मी तेव्हा विषय बदलला. फोनवर मला नीट सांगता येत नाही. एक सांगायला जाते आणि दुसरंच आठवतं. लिहायला बसलं की एकामागे एक ठेवता येतं, म्हणून हे कागदावर. तुझी मालिका मी पाहिली, हेही सांगून टाकते. शेजारच्या मुलीनं लावून दिली. शिव्या पुष्कळ आहेत, पण सगळी माणसं एकसारख्याच देतात आणि कुणालाच त्या लागत नाहीत. बघता बघता मला एक बाई आठवली. ती हे काम फार चांगलं करत असे.

ती माझी आत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं घर धाराशिवला, कचेरीपासून जवळ. तेव्हा निजामाचं राज्य होतं. वडील मुन्सफ कोर्टात वकील. त्यांचं सगळं काम उर्दूत चाले. घर लिंगायतांचं, त्यामुळं बोलण्यात निम्मं कानडी. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो, आईला अव्वा. आत्या अण्णांना तम्मा म्हणे, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ; अण्णा तिला अक्का म्हणत, म्हणजे थोरली बहीण.

आत्या माझ्या जन्माआधीच विधवा होऊन माहेरी परत आलेली. हातात बांगडी नाही, कपाळावर फक्त विभूती. तिला घरात कुणी वाईट वागवत नव्हतं. पण कुणी गावाला निघालं की ती आपणहून आत सरकायची, समोर येऊ नये म्हणून. बारशाला पाळण्याजवळ जायची नाही. हळदीकुंकवाच्या बायका आल्या की मागच्या खोलीत डाळ निवडत बसायची. बोलायची इतकं हळू, की अव्वाला दोनदा विचारावं लागे. मी लहान असताना मला वाटे, आत्याचा गळाच तसा आहे.

मग लग्नसराई यायची आणि आमच्या दारात बैलगाड्या उभ्या राहायच्या. "अक्काबाईस्नी न्यायला आलोय," गाडीवान सांगायचा. आसपासच्या खेड्यांतून यायच्या; माकणीची गाडी लांबून यायची, म्हणून ती आदल्या दिवशीच हजर. गाडीत गोधडी अंथरलेली असे आणि तिच्यासाठी वेगळी पाण्याची कळशी. अक्षता टाकायला तिला कुणी बोलावत नव्हतं. तिला बोलावत ते शिव्या द्यायला.

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. लग्न लागलं की नवऱ्या मुलाकडच्या बायकांची पंगत बसायची. नवऱ्याची आई, म्हणजे आमची विहीण, मध्ये. पानं वाढून झाली की मुलीकडच्या बायका दारात उभ्या राहून तिच्या नावानं गाणी म्हणायच्या, आणि ती गाणी म्हणजे नुसत्या शिव्या. तिच्या अंगावर, तिच्या खाण्यावर, तिच्या नवऱ्यावर, तिच्या चालचलणुकीवर. विहिणीनं जेवता जेवता ऐकायचं, मध्येच हात थांबवून उलट एखादी द्यायची, पुन्हा घास घ्यायचा. जितकी ओंगळ शिवी तितका मान मोठा. ज्या विहिणीला शिव्या मिळाल्या नाहीत तिची सोयरीक अजून कच्ची, असंच समजत.

आत्या दारात उभी राहायची तेव्हा तिचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. आम्ही पोरी तिच्याकडं बघतच राहायचो. तिची गाणी तिनंच केलेली. एक अजून आठवतं, त्यातली ईन म्हणजे विहीण:

ईन आली, ईन आली, वेशीत अडकली,
पाटलानं सोडवाया पहार मागवली.

हे साधं. याच्या पुढची पुढची मला आता लिहवत नाहीत, पण दुसरं एक लिहावंच लागेल, कारण त्याच्यावाचून पुढचं समजणार नाही:

ईनबाईची वाकळ गं कुणी कुणी पांघरली,
मोजाया बसला पटवारी, त्याची शाई सरली.

बायका पदर तोंडात कोंबून हसायच्या. ज्या विहिणीला हे म्हटलेलं असे ती तर घास ठेवून मांडीवर थाप मारायची. इतर बायका गाऊ लागल्या की त्यांच्या गाण्यांत 'रांड' हा शब्द दर ओळीला यायचा. आत्याच्या गाण्यात तो कधीच आला नाही. विधवेलाही लोक तोच शब्द लावत, हे मला फार उशिरा लक्षात आलं. आधी आलं असतं, तरी तिला विचारण्यासारखं ते नव्हतं.

मी सोलापूरला मामाकडं राहून इंग्रजी शाळेत शिकत होते. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात. मोटारीनं जाताना मध्ये करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर आमच्या ट्रंका उघडून बघायचे. एका उन्हाळ्यात मी घरी येताना एक इंग्रजी गोष्टीचं पुस्तक आणलं होतं. त्यात कुणी रागावून शिवी दिली की पहिलं अक्षर छापलेलं असे आणि पुढं लांब रेघ. आत्या शेंगा फोडत बसली होती. तिनं बोट ठेवून विचारलं, "हितं काय झालं? शाई संपली का?"

मी सांगितलं, इथं शिवी आहे, पण ती छापायची नसते.

"मग वाचणाऱ्यानं काय करायचं?"

"मनातल्या मनात पुरी करायची."

ती इतकी हसली की मांडीवरचं सूप सांडलं. "आगं, मग त्यो लिहिणारा सोवळ्यात ऱ्हायला आन् ओवळं वाचणाऱ्याच्या पदरात! शहाणा हाय की लई."

त्याच उन्हाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं. लढाईचे दिवस होते, साखर आणि रॉकेल मिळत नव्हतं. मुलगा हैदराबादला वकिली शिकत होता. घर सरहद्दीकडच्या गावातलं, तिथं कानडीच जास्त. सुपारी फोडायला मुलाची आई स्वतः आली. थोराड बाई, नवऱ्याशी कानडीत बोले आणि आमच्याशी मराठीत, दोन्ही सारख्याच मोठ्यानं. देण्याघेण्याचं बोलणं झालं तेव्हा तिनं मान हलवली, आणि उठता उठता अण्णांना म्हणाली, "वकीलसाब, तुमच्या अक्काचं लई ऐकलंय आमच्याकडं. माझ्यासाठी नवं करा म्हणावं. दुसऱ्या ईनींचं उष्टं मला चालायचं न्हाय."

अण्णा कसनुसं हसले. त्यांना ती थट्टा वाटली. दाराआड आत्या उभी होती. तिनं ती थट्टा मानली नाही. दुसऱ्या दिवसापासून दळताना ती पुटपुटू लागली. मध्येच जातं थांबवायची, ओठ हलवायची, मान हलवून टाकून द्यायची, पुन्हा सुरू करायची. मी जवळ गेले की गप्प. "न्हाय, अजून कच्चं हाय. ईनबाईच्या आधी कुणाला न्हाय ऐकवायचं." तिच्या तोंडावर त्या दिवसांत जे होतं ते मी पुढं फक्त परीक्षेला बसलेल्या मुलींच्या तोंडावर पाहिलं. थोडी भीती आणि थोडा ताठा.

मग एके दिवशी अण्णा कोर्टातून लवकर आले. पागोटं खुंटीला न लावता खाली ठेवलं आणि मागच्या खोलीत गेले. आत्या तिथं शेवया वाळत घालत होती. मी बाजूला दोरी धरून उभी होते. मला बाहेर जा म्हणायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"अक्का," ते म्हणाले, "या लग्नात गाणी नकोत."

"कुठली गाणी?"

"तीच. शिव्यांची. मुलगा शिकलेला आहे. त्याचे मित्र हैदराबादहून येणार. बरं दिसत नाही."

आत्यानं हातातल्या शेवया दोरीवर नीट पसरल्या. "मुलाची आई तर मागून गेली."

"ती खेड्यातली बाई आहे."

"मग आपुन कुठल्या?"

अण्णा म्हणाले, "आज कचेरीच्या व्हरांड्यात तुझं गाणं म्हणत होते."

"कोण?"

"आमच्यातलेच. एक अर्जनवीस आहे, लोकांचे अर्ज लिहून देतो. त्यानं म्हटलं आणि बाकीच्यांनी ऐकलं. मी आलो तरी थांबले नाहीत."

"कुठलं म्हणलं?"

"ते कशाला?"

"सांग की तम्मा. किती केल्यात म्या. त्यातलं कुठलं?"

"वाकळीचं," अण्णा जमिनीकडं बघत म्हणाले.

"हसले का?"

"हसले."

आत्याच्या तोंडावर क्षणभर आनंदच दिसला. मी पाहिला. मग तिनं अण्णांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तिचा हात दोरीवर थांबला. "गाण्याला हसले, का मला?"

अण्णांनी दोरीवरच्या शेवया उगाच सरळ केल्या.

"माझं नाव घालून म्हणलं व्हय? ईनबाईच्या जागी?"

अण्णांनी मान हलवली नाही, पण नाही असंही म्हटलं नाही. बाहेर अव्वा कुणाला तरी ताक घालत होती, तिचा आवाज येत होता. आत्या खाली बसली. बसल्या बसल्या तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, परक्या माणसासमोर ओढतात तसा.

"मग त्यास्नी का न्हाय सांगितलंस गप बसा म्हणून? मला येऊन सांगतूस ते?"

"माझं रोज काम पडतं त्यांच्याशी, अक्का."

"बरं," ती म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. अण्णा वाईट माणूस नव्हते. पुढं रझाकारांच्या दिवसांत त्यांनी कितीतरी लोकांचे खटले फुकट चालवले. त्यांना बहिणीची लाज वाटत होती असंही मला वाटत नाही. तिच्याबद्दल कुणी बोललं हे त्यांना सहन झालं नव्हतं. पण त्यांनी ते ऐकलं आणि नेऊन तिच्या पदरात घातलं. तोवर आत्याला आपलं गाणं म्हणजे बायकांच्या पंगतीतलं देणं वाटत होतं. ते बाहेर जातं, आणि ओळ तीच ठेवून बाई बदलता येते, हे तिला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर दळताना पुटपुटणं बंद झालं. गल्लीतल्या बायका पापड लाटायला जमल्या तेव्हा म्हणाल्या, "अक्काबाई, दोन ओळी टाका की, हात चालंल." आत्या म्हणाली, "घसा बसलाय." आणि खरोखरच तिचा आवाज पूर्वीपेक्षाही हळू झाला होता.

लग्न लागलं. अक्षता पडल्या तेव्हा आत्या नेहमीप्रमाणं मागच्या खोलीत होती. मग अंगणात पंगती बसल्या. मध्ये जाजम बांधून पडदा केला होता. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. अण्णांनी कोर्टातल्या सगळ्यांना बोलावलं होतं, बोलवावंच लागतं. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर वाढली, वर तूप वाढलं. विहीण मध्ये बसली होती, तिच्या दोन्ही बाजूंना तिच्या जावा. तिनं पानाभोवती पाणी फिरवलं, विभूती नीट केली आणि हात मांडीवर ठेवून दाराकडं बघत बसली.

आमच्याकडच्या बायका दारात उभ्या होत्या, पण कुणी तोंड उघडेना. अव्वा वाकून म्हणाली, "सुरुवात करा ईनबाई. हुग्गी गार होतीया."

"व्हऊ द्या की. मला काय घाई न्हाय."

"काही कमी आहे का?"

"कमी? आवाजच न्हाय. घरात कुणी मेलंय का लगीन हाय?"

अव्वा ओशाळली. तिनं सांगून पाहिलं, की आता लोक शिकले, मुलाला आवडणार नाही, अण्णांनी तुमचा मान ठेवला म्हणून गाणी नाहीत.

विहिणीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचं तोंड पडलं. ती रागावली असती तर बरं, असं मला वाटलं. ती जावेला कानडीत काहीतरी म्हणाली, मग आमच्याकडं वळून मराठीत म्हणाली, "म्हंजी आमी शिव्या द्यायच्याबी लायकीचे न्हाय. पोरगी दिली, पण सोयरं न्हाय मानलं." आणि पान किंचित पुढं सरकवलं. तिच्या जावांनीही हात मागं घेतले. बायकांची पूर्ण पंगत भरल्या पानावर बसून राहिली. माझी बहीण मुंडावळ्या बांधलेली, आतल्या दारात उभी राहून हे बघत होती.

अव्वानं अण्णांना बोलावून घेतलं. ते मागच्या खोलीत आले तेव्हा मी आत्याजवळच होते.

"अक्का, ऊठ. म्हण."

"काय म्हणू?"

"तुला येतं ते."

"तुला चालंल?"

"अक्का, पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे."

आत्या उठली. लुगडं झटकलं. मला आठवतं, तिनं जाताना ओल्या हातानं केस मागं सारले, माकणीची गाडी यायची त्या दिवशी सारायची तसे. ती दारात आली तशी विहीण ताठ बसली. "आली का? बघू तर," असं म्हणून तिनं पान परत जवळ ओढलं. सगळ्या बायका हसल्या, सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

पडदा वाऱ्यानं हलत होता आणि खालून पुरुषांच्या पंगतीतले गुडघे आणि हात दिसत होते. आत्या त्यांच्याकडं बघत होती. मग तिनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. नवं नव्हतं. ते म्हणायचं धाडस तिला झालं नसावं.

"ईनबाईची वाकळ गं कुणी कुणी पांघरली..."

आवाज चांगला लागला होता. पुढच्या ओळीसाठी तिनं श्वास घेतला. तेवढ्यात पडद्यापलीकडून एका पुरुषानं, चांगल्या मोकळ्या आवाजात, पुढची ओळ म्हणून टाकली. पटवारी, शाई, सगळं. आणि तिकडं हशा पिकला.

तो अर्जनवीस होता की दुसरा कुणी, ते मला आजवर माहीत नाही. त्यानं वाईट मनानं म्हटलं असंही मी म्हणू शकत नाही. भरल्या पोटी, लग्नघरात, माहितीची ओळ कानावर आली आणि त्यानं पुरी केली. पण आत्याचं तोंड उघडंच राहिलं. तिनं दोन्ही हातांनी पदर तोंडावर घेतला आणि मागं वळली.

विहिणीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, बाई लाजली. म्हणून तिनं मोठ्यानं स्वतःच सुरू केलं, स्वतःच्याच नावानं शिव्या, निम्म्या कानडी निम्म्या मराठी, तिचं पोट, तिचे दात, तिचा नवरा. मांडीवर ठेका धरून ती म्हणत होती आणि आत्याकडं बघून मान हलवत होती, म्हण की पुढं, म्हण की. आमच्या बायका कसंबसं हसत होत्या. आत्या दाराच्या आत, कोनाड्याला टेकून उभी होती. तिचे खांदे हलत होते. ते विहिणीला दिसलं. ती मध्येच थांबली. मग तिनं खाली बघून हुग्गीचा घास घेतला, आणि तिनं घेतला म्हणून सगळ्यांनी घेतला.

जायच्या वेळी ती मागच्या खोलीत आली. आत्यानं तोंड फिरवलं होतं. विहीण तिच्याशेजारी जमिनीवर बसली, धापा टाकत.

"कोण हुता गं त्यो मेला?"

आत्यानं पदर आणखी पुढं ओढला.

"आमच्याकडं ये. आमच्या घरात बाप्ये ऐकत न्हायत."

"बाप्ये समद्या घरात असत्यात, ईनबाई."

"माझी नवी केल्ती का न्हाय? खरं सांग."

"केल्ती."

"मग दे की. कानात सांग. कुणी ऐकायचं न्हाय."

आत्यानं नुसती नाही म्हणून मान हलवली. विहिणीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि उठली. माझ्या बहिणीला तिनं पुढं पोटच्या लेकीसारखं वागवलं, ते तुम्हाला माहीतच आहे. पण बहीण माहेरी यायला निघाली की विहीण दर खेपेला सांगे, "जाऊन ये. तुझ्या आत्याला सांग, म्या अजून उपाशी हाय."

पुढच्या लग्नसराईत माकणीची गाडी आली. आत्या बाहेर आली नाही. अव्वानं सांगितलं, तब्येत बरी नाही. गाडीवान पाणी पिऊन, बैलांना पाणी दाखवून परत गेला. रिकाम्या गाडीची घुंगरं वेशीपर्यंत ऐकू येत होती आणि आत्या तांदूळ निवडत होती. त्यानंतर एकदोन गावांनी आणखी विचारलं, मग कुणी विचारेनासं झालं. सोलापूरहून मी सुट्टीला आले की ती मला पुस्तक वाचून दाखवायला सांगायची नाही. माझ्या हातात पुस्तक दिसलं की, "वाच, वाच तू," म्हणून उठून जायची.

अण्णांनी एकदा सांगून पाहिलं. पोलीस ॲक्शन झाली होती, निजामाचं राज्य गेलं होतं, घरात हलकं वाटत होतं. ते म्हणाले, "अक्का, आता माझ्या धाकटीच्या लग्नात म्हण. मी त्या लोकांना बोलावणार नाही." धाकटी म्हणजे मी. आत्या म्हणाली, "तम्मा, मला याद न्हाय." त्यांना वाटलं ती रागानं म्हणते. पण मी तिच्याकडं बघत होते, तिच्यात राग नव्हता. म्हणायला तोंड उघडलं की आधी पडद्यापलीकडचं हसू ऐकू येत असेल, तर पुढचं कुठून आठवणार?

माझ्या लग्नाआधीच ती गेली. ताप आला, चार दिवस काढा घेतला, आणि गेली. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, मातीत ठेवतात, आणि न्यायच्या आधी बसवतात. तिला पुढच्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, भिंतीला टेकून बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात फुलं. इतक्या लोकांच्या मध्यभागी मी तिला प्रथमच बसलेलं पाहिलं.

बायका रडायला आल्या. आमच्याकडं रडणं नुसतं रडणं नसतं. मेलेल्या माणसाचं काय काय चांगलं होतं ते म्हणत म्हणत, सुरात रडतात. सगळ्या म्हणत होत्या, अक्काबाई किती सोशिक होत्या, कधी वर मान केली नाही, कधी कुणाला दुखवलं नाही, आवाज कसा कधी ऐकू आला नाही. खरंच होतं ते, शेवटच्या वर्षांपुरतं.

दुपारी विहीण आली. बातमी कळल्याबरोबर गाडी जुंपून निघाली होती. अंगावर धूळ, अनवाणी. ती आत्याच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि थोडा वेळ ऐकत राहिली. मग हात वर करून तिनं बायकांना थांबवलं आणि सुरू केलं.

तिनं शिव्या दिल्या. त्याच सुरात, रडत. "सटवे, मला भरल्या पानावरनं उपाशी उठवलीस. भवाने, माझ्यासाठी केलेलं कुणासाठी ठेवलंस गं. म्हशी म्हणाली असतीस, घोडी म्हणाली असतीस, माझ्या वाकळीत गाव घातलं असतंस, म्या काय मेले असते का. चोरटे, माझ्या शिव्या घेऊन चाललीस..." काही कानडी होतं, ते मला पुरतं कळलं नाही. तिथल्या सुवासिनी घाबरून एकमेकींकडं बघू लागल्या. मग एक म्हातारी, माकणीची, रडत रडत म्हणाली, "माझ्या लेकीच्या लग्नात मला वेशीत अडकवलंस गं माय, पाटलाला पहार आणाय लावलीस." आणि तिच्या मागून दुसरी, आणि तिसरी. प्रत्येकीला आपापली शिवी पाठ होती. रडता रडता कुणाला तरी हसू फुटलं आणि ते कुणी दाबलं नाही.

अण्णा अंगणात पुरुषांमध्ये बसले होते. तिथं सगळं ऐकू जात होतं. पुरुषांपैकी कुणी एका शब्दानं पुढं काही म्हटलं नाही. अण्णांनी उपरणं तोंडाला लावलं होतं.

शेवटी विहीण थांबली. तिचा घसा गेला होता. शिव्यांचं असं असतं की एकीनं दिल्या की दुसरीनं उत्तर द्यायचं, आणि पहिलीनं तोवर गप्प राहायचं. विहीण गप्प राहिली. तिच्याबरोबर सगळ्या बायका गप्प राहिल्या. आत्या भिंतीला टेकून बसली होती, तोंड किंचित उघडं. आम्ही किती वेळ तशा बसलो होतो कोण जाणे.

मग बाहेरून विधी करणाऱ्या स्वामींनी हाक मारली, उशीर होतोय म्हणून. चार माणसं आत आली आणि विहिणीला बाजूला सरावं लागलं.